बिनगळाच्या काठ्या

माझी आत्या लोवीना बील हिला खोटं बोलता येत नाही, असं अजिबात नाही. पत्त्यांत ती सर्रास लबाडी करते. चर्चच्या जेवणाला येणारे उन्हाळी पाहुणे तिच्या बीन्सची कृती मागतात, तेव्हा ती हसत हसत सगळं सांगते आणि मोहरी तेवढी गाळते. शाळेची बस चालवायची त्या काळात बर्फ पडायला लागला की 'ब्रेक बिघडलाय' असं सांगून तिने कितीतरी वेळा पोरांना सुट्टी मिळवून दिली आहे. अशा बाईला नेमकं कोर्टात, शपथेवर, अख्ख्या गावाचा जीव टांगणीला लागलेला असताना सत्याचा पुळका यावा, याचा मला आजही राग येतो.

आमचं टिबेट्स कोव्ह हे अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं गाव. आत्या इथेच जन्मली. सार्डीनचा कारखाना होता तोवर ती तिथे उभी राहून कात्रीने माशांची डोकी आणि शेपट्या उडवायची. तिच्या अंगठ्यावर त्या कात्रीची खूण अजून आहे. कारखाना बंद पडला आणि ती बसवर गेली. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, 'मला विचारलं होतं एकाने. पण त्याला पोहता येत नव्हतं.' बसवरून निवृत्त झाल्यावर तिने स्वतःची गाडीही विकून टाकली. म्हणाली, 'आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं नेली-आणली. आता मला माझे पाय नेतील.'

पाय तिला न्यायचे ते मुख्यतः माझ्या वडिलांकडे. ऑल्टन बील, तिचा धाकटा भाऊ. तिचं घर खाडीच्या या टोकाला, वडिलांचं त्या टोकाला आणि मधे लांबलचक पुळण. रस्त्याने जायचं तर दलदलीला मोठा वळसा पडतो. वडिलांना झटका आला, डावा पाय आणि अर्धं तोंड गेलं. तेव्हापासून ते घराबाहेर पडायचे नाहीत. खिडकीत खुर्ची टाकून, दुर्बीण मांडीवर घेऊन बसायचे. दर शनिवारी ओहोटी लागली की आत्या काकवीत आणि खारवलेल्या डुकराच्या मांसात शिजवलेल्या बीन्सचं मडकं टॉवेलात गुंडाळून निघायची. ओहोटीची वेळ रोज सरकते, त्यामुळे वडील एका शनिवारी अकरा वाजता जेवायचे, तर पुढच्या शनिवारी पार संध्याकाळी. घड्याळाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. दुर्बिणीत आत्या दिसली की त्यांना भूक लागायची.

आता काठ्यांबद्दल सांगायला हवं.

आमच्याकडे भरतीच्या रेषेपासून ओहोटीच्या रेषेपर्यंतची ओली वाळू समुद्राची नसते, वरच्या जमिनीच्या मालकाची असते. हा कायदा इंग्रजांच्या वसाहतीच्या काळातला, पावणेचारशे वर्षांपूर्वीचा. त्या वाळूवर इतरांनी फक्त तीन कामांसाठी यायचं: मासे धरायला, पक्षी मारायला आणि नाव न्यायला. चालायला नाही. आम्ही सगळे तिथे चालतच होतो, पण मधूनमधून एखादा मालक डोकं वर काढायचा. म्हणून आमच्या आजोबांच्या पिढीने रस्ता संपतो तिथे एक पिंप आणून ठेवलं आणि त्यात गळाच्या जुन्या काठ्या खोचून ठेवल्या. पुळणीवर फिरायला जायचं तर पिंपातली एक काठी उचलायची आणि परत येताना ठेवायची. गळ काढून टाकलेले, म्हणजे पोरांच्या हातात घुसायला नकोत. कुणी हटकलं तर काठी वर करायची. झालो आपण कोळी. हातात हात घालून फिरणारी जोडपीसुद्धा दोन काठ्या घेऊन जायची. माझ्या नवऱ्याने मला मागणी घातली तेव्हा त्याच्या एका हातात अंगठी होती आणि दुसऱ्या हातात काठी.

आत्याला दुसरं वेड होतं कोर्टाच्या निकालांचं. कारखान्यात युनियनची एक केस झाली होती, तेव्हापासूनचं. राज्याच्या कोर्टाचे असोत की केंद्राच्या, म्हणजे फेडरल कोर्टाचे, नवे निकाल आले की ती वाचनालयात छापून घ्यायची आणि गुरुवारी सकाळी माझ्या हॉटेलात घेऊन यायची. कॉफी, अंडी, बटाटे आणि निकाल. आधी ती हकिकत सांगायची, मग आम्ही हात वर करून मतं द्यायची आणि मग ती खरा निकाल वाचायची. गोठ्याचं छप्पर बर्फाने बसलं आणि विमा कंपनी म्हणतेय, ते पडलं नाही, नुसतं वाकलं. पैसे द्यायचे का? पोलिसांनी वॉरंट नसताना माणसाचा फोन उघडला, आत पुरावा सापडला, चालेल का? नवराबायको वेगळे झाले, कुत्रा कुणाचा? कुत्र्याच्या केसला तर दोन टेबलांत भांडण लागलं होतं.

आम्ही बहुतेक वेळा हरायचो. मर्टन नावाचा म्हातारा लॉबस्टरवाला नेहमी खिडकीजवळ बसायचा. तो म्हणायचा, 'लोवीना, या कोर्टाला एकदा इथे नाश्त्याला बोलाव. पोटात काही पडलं तर बरे निकाल देईल.'

'पोटात पडून तुझी मतं सुधारली का?' आत्या म्हणायची.

मग पुळणीवरचं मोठं घर ग्रेसन व्हिटलॉक नावाच्या कनेटिकटच्या माणसाने विकत घेतलं. पहिल्या उन्हाळ्यात 'खासगी जागा' अशी पाटी लागली, दुसऱ्या उन्हाळ्यात कॅमेरा. कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त दिसली आत्या, कारण ती हिवाळ्यातही जायची. व्हिटलॉकच्या वकिलांनी चित्रं मोठी करून बघितली आणि काठीला गळच नाही हे त्यांच्या लक्षात आलं. झालं. आत्यावर केस. मागणी एवढीच की बिनगळाची काठी म्हणजे मासेमारी नव्हे, असं कोर्टाने जाहीर करावं आणि या बाईला वाळूवर यायला बंदी करावी.

आत्याची केस पोमरलो बाईंनी घेतली. तालुक्याच्या गावच्या वकील, कडक पण भल्या. त्या माझ्या हॉटेलात बसून आत्याला समजावत होत्या.

'लोवीना, हे सोपं आहे. मासा मिळालाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. प्रयत्न पुरे. तुम्ही एवढंच म्हणायचं, की मासा आहे का ते बघत होते, असला तर गळ लावला असता. खिशात गळ होता म्हणा. होता ना खिशात?'

'खिशात रुमाल होता,' आत्या म्हणाली.

'अगं आत्या, एखादा गळ असेल कुठेतरी अस्तरात,' मी म्हटलं. 'तुझ्या त्या कोटात काय काय सापडतं.'

'असेल,' ती म्हणाली. मला तेवढं पुरलं. वाटलं, म्हणेल.

कोर्टात आम्ही दोन बाकं भरून गेलो होतो. व्हिटलॉकच्या वकिलाने अगदी अदबीने विचारलं, 'बील बाई, त्या दिवशी तुमच्या हातात काय होतं?'

'काठी. दुसऱ्या हातात बीन्सचं मडकं.'

'तुम्ही तिथे काय करत होतात?'

आता ते वाक्य यायचं होतं. पोमरलो बाई पुढे सरकून बसल्या. आत्याने एकदा आमच्याकडे बघितलं, मग त्या वकिलाकडे.

'चालत होते.'

'नुसत्या चालत होतात?'

'नुसती कशाला? भावाकडे चालले होते.'

'आणि गावातले इतर लोक, जे काठ्या घेऊन येतात? ते मासे धरतात?'

'त्या पुळणीवर? अहो, कारखाना बंद झाला तेव्हापासून तिथे मासा फिरकलेला नाही. तेही चालतातच.'

माझ्या शेजारी मर्टनने डोळे मिटून घेतले.

न्यायाधीश बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. 'बील बाई, तुम्ही उद्या काठीला गळ बांधून आलात, तर तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. हे तुमच्या लक्षात येतंय ना?'

'येतंय, बाईसाहेब. म्हणूनच नको.'

'म्हणजे?'

'गळ बांधला की मी कोळीण. नाही बांधला की चोर. भावाकडे जाणारी बहीण तुमच्या कायद्यात कुठेच नाही. ज्यांनी तो लिहिला त्यांनी तीन कामं लिहिली, चालणं नाही लिहिलं. कारण चालायला परवानगी लागेल, असं त्यांच्या डोक्यातच आलं नसणार. मला काठीचा कंटाळा आलाय. मला चालायचंय, आणि मी चालते असं म्हणायचंय.'

छान बोलली. मी नाही म्हणत नाही. पण केस गेली. तिची एकटीची गेली असती तर गोष्ट वेगळी होती. निकालात स्पष्ट लिहिलं होतं, की प्रतिवादीच्या स्वतःच्या साक्षीवरून ही काठ्यांची प्रथा म्हणजे निव्वळ देखावा आहे. म्हणजे आता कुणीही खरा गळ बांधून गेलं तरी व्हिटलॉक तो कागद दाखवणार. त्याने लगेच निकालाचं ते पान प्लास्टिकमध्ये घालून पाटीखाली लावलंसुद्धा.

पुढच्या गुरुवारी आत्या निकाल घेऊन हॉटेलात आली, तेव्हा कुणी हात वर केले नाहीत. मर्टन कॉफीत बघत म्हणाला, 'लोवीना, तू तोंड उघडलंस आणि आमचे पाय बांधलेस.'

'तुमचे पाय आधीपासून बांधलेलेच होते,' ती म्हणाली. 'दोरी लांब होती, म्हणून कळत नव्हतं.'

'ती लांब दोरी बरी होती.'

आत्याने कागद घडी करून पिशवीत ठेवले आणि अंडी अर्धी टाकून निघून गेली. मी तिच्या मागे गेले नाही. मीही चिडलेच होते. एक वाक्य. एक साधं खोटं वाक्य, तेही बऱ्यापैकी खरं वाटणारं. पत्त्यांत दोन डॉलरसाठी बोलते त्याहून लहान.

त्याच आठवड्यात व्हिटलॉक स्वतः तिच्या दारात आला. मी तिथेच होते, तिच्याशी अबोला धरून तिची खिडकी दुरुस्त करत. माणूस उंच, नीटनेटका, टोपी हातात. म्हणाला, 'बील बाई, मी काही दुष्ट नाही. तुमच्या भावाचं मला माहीत नव्हतं. मी तुम्हाला लेखी परवानगी देतो. तुम्ही एकट्या, हवं तेव्हा या-जा. प्रश्न फक्त गर्दीचा आहे.'

मला वाटलं, सुटलो. आत्याने त्याला बसायला सांगितलं, चहा दिला, त्याच्या आईची चौकशी केली. मग म्हणाली, 'नको.'

'का पण?'

'तुम्ही दिलीत तर उद्या तुम्हीच काढून घ्याल. तुम्ही नाही काढलीत तर तुमची मुलं काढतील. आणि दर शनिवारी तुमच्या घरासमोरून जाताना मला वाटत राहील, की तुमची मेहेरबानी चाललीय. या वयात मला मेहेरबानीवर चालायची सवय लावून घ्यायची नाहीये.'

तो गेल्यावर मी अबोला मोडला. 'आत्या, तुला नक्की काय हवंय? बाबांकडे जायचंय की जिंकायचंय?'

'तुझ्या बाबाकडे जायचंय. पण माझ्या पायांनी.'

'मी नेते की गाडीने.'

'ते तुझे पाय.'

पोमरलो बाईंनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अपील केलं. त्यांनी एकच गोष्ट हात जोडून मागितली: निकाल लागेपर्यंत वाळूवर जायचं नाही, वरच्या कोर्टाला ते आवडणार नाही. आत्याने तेवढं ऐकलं. तो सगळा हिवाळा आणि वसंत ती शनिवारी मांडीवर मडकं घेऊन माझ्या गाडीत बसली. दलदलीच्या वळशावर ती उलट बाजूच्या खिडकीतून समुद्राकडे बघत राहायची. वडिलांना आता दर शनिवारी बारा वाजता जेवण मिळू लागलं. त्यांनी दुर्बीण कपाटात ठेवून दिली. बीन्स त्याच, सोबतचा तपकिरी पावही नेहमीचाच, पण ते निम्मं ताट तसंच सोडायचे. एकदा तुटक तुटक म्हणाले, 'गाडीचा... आवाज येतो. ती... दिसत नाही.'

निकाल गुरुवारीच आला. पोमरलो बाईंनी फोन करून मला सांगितलं, आत्याला सांगायचा त्यांना धीर झाला नाही. आत्या नेहमीसारखी कागद छापून घेऊन हॉटेलात आली. महिनोन् महिने तिच्याशी धड न बोललेलं सगळं गाव त्या दिवशी टेबलांना चिकटून बसलं होतं. तिने चष्मा लावला.

'केस अशी आहे,' ती म्हणाली. 'एक म्हातारी आहे, तिला वाळूवरून चालत भावाकडे जायचंय. वाळूच्या मालकाचं म्हणणं, मासे धर नाहीतर फिर माघारी. म्हातारीला मासे धरायचे नाहीत. तिने जावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा.'

कुणीच हललं नाही. मग खिडकीजवळ मर्टनचा हात वर गेला, रागारागाने, जणू त्या हाताशीच त्याचं भांडण होतं. त्याच्यामागे बाकीचे. मी कॉफीचं भांडं डाव्या हातात घेतलं आणि उजवा वर केला.

आत्याने सगळ्या हातांकडे बघून घेतलं आणि शेवटचं पान उलटलं. 'हरली,' ती म्हणाली. 'एका मताने.'

'फेडरल कोर्टात?' कुणीतरी विचारलं.

'पोमरलो बाई म्हणतात, तिथे जाऊन उपयोग नाही,' मी म्हटलं. 'ते म्हणतील, वाळू कुणाची हा राज्याचा प्रश्न आहे.'

'म्हणजे आपलं हॉटेल पुन्हा चुकलं,' मर्टन म्हणाला.

आत्याने कागद घडी केले. 'कोण चुकलं ते बघू,' ती म्हणाली. 'शनिवारी ओहोटी कधी आहे?'

शनिवारी मी हॉटेल माझ्या स्वयंपाक्यावर सोडून रस्त्याच्या टोकाशी गेले. तिला अडवायलाच गेले होते, उगाच चांगलेपणा कशाला घेऊ? आत्या पिंपाजवळ उभी होती. टॉवेलात मडकं, डोक्याला रुमाल. पिंपात काठ्या तशाच खोचलेल्या होत्या, कित्येक महिन्यांत कुणी हात लावला नव्हता. सवयीने माझा हात एका काठीकडे गेला.

'ठेव ती,' आत्या म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती वाळूवर उतरली होती.

मी पिंपाशी उभी राहून तिला जाताना बघत होते. पाठ ताठ, चाल हळू. तिच्या मागे वाळूत एकाच माणसाची पावलं उमटत होती. मग मी शिव्या देत, मोकळ्या हातांनी, तिच्या मागे निघाले. तिला एकटीला कसं जाऊ देणार?

अर्ध्यावर ती थांबली. मला वाटलं दमली. ती पुढे बघत होती. त्या टोकाकडून, माझ्या वडिलांच्या घराच्या बाजूने, कुणीतरी येत होतं. चार पायांची ॲल्युमिनियमची काठी पुढे टेकवायची, मग उजवा पाय, मग डावा ओढायचा. त्यांच्यामागे ओल्या वाळूत एक लांब रेघ उमटत होती. झटका आल्यापासून जो माणूस अंगणात उतरला नव्हता, त्याला ती येतेय हे कसं कळलं, तो पायऱ्या कशा उतरला आणि खडकांवरून कसा आला, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गळ्यात दुर्बीण होती.

ती दोघं भेटली ती बरोबर व्हिटलॉकच्या खिडक्यांखाली. वडील एका खडकावर बसले. आत्याने मडक्याचं झाकण काढलं, रुमालातून दोन चमचे काढले, आणि बहीणभाऊ खायला लागले. वडिलांचं अर्धं तोंड हसत होतं आणि मला रडायला येत होतं, आणि रडायला आलं म्हणून परत राग येत होता. मागे बघितलं तर मर्टन येत होता. त्याच्यामागे आणखी काही जण. कुणाच्या हातात काहीच नव्हतं. इतके रिकामे हात मी त्या वाळूवर कधी पाहिले नव्हते. कुणाला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

व्हिटलॉक व्हरांड्यात आला, फोन कानाला. थोड्या वेळाने शेरीफच्या पोलीस कचेरीतला रॉयस खाली उतरला. लहानपणी तो आत्याच्याच बसने शाळेत जायचा. त्याने वही काढली, टोपी सारखी केली.

'मिस लोवीना, कोर्टाचा निकाल तुम्हाला माहीत आहे.'

'तुझ्याआधी वाचलाय.'

'मग मला लिहावं लागेल. तुमच्यावर केस होईल.'

'लिही ना. खिडकीतून हात बाहेर काढू नको म्हणून मी तुला रोज सांगायचे. तू ऐकायचास का?'

रॉयसचे कान लाल झाले. 'इथे काय करताय, ते सांगा. फक्त एक शब्द, मिस लोवीना. मासेमारी म्हणा, मी परत जातो. मी काठीसुद्धा विचारणार नाही.'

'चालतेय,' आत्या म्हणाली.

त्याने लिहिलं आणि वडिलांकडे वळला. वडिलांच्या ओठावर काकवी लागली होती. 'ऑल्टन काका, तुम्ही?'

वडिलांना शब्द जुळवायला वेळ लागतो. सगळे थांबले, व्हिटलॉकसुद्धा. 'चा... लतोय,' ते म्हणाले, खडकावर बसल्या बसल्या, चमचा हातात धरून.

मग रॉयस माझ्याकडे वळला आणि त्याने आवाज खाली आणला. 'डार्लीन, तुझं हॉटेल आहे, परवाना आहे. तू तर यांना गाडीने न्यायला आली आहेस ना? हो म्हण, आणि जा.'

इतकं सोपं होतं. अर्धं खरंही होतं. आत्या माझ्याकडे बघत नव्हती. ती वडिलांच्या हनुवटीवरची काकवी पुसत होती.

'डार्लीन बील,' मी म्हटलं. 'लिही. चालतेय.'